जे न्याल ते दिले

सोमवार, ता. ४

प्रभुकृपेने नव्या गावातील नव्या कामाचा पहिला दिवस निर्विघ्न पार पडला. सत्तरीच्या उंबरठ्यावर मनुष्याने वनाची वाट धरावी असे शास्त्र सांगते. मी मात्र निळा कोट अंगात चढवला, छातीवर बिल्ला लावला आणि एका चार मजली दुकानाच्या दाराशी उभा राहिलो. खरे सांगायचे तर मौज वाटली.

चिरंजीव देवाघरी गेल्यानंतर सूनबाईने मला अंतर दिले नाही. तिची बदली या गावी झाली, तेव्हा सामानाच्या आधी तिने मला गाडीत बसवले. ती याच दुकानात तळमजल्यावर गल्ला सांभाळते, आणि माझी नोकरीही तिनेच शब्द टाकून मिळवली. म्हणाली, बाबा, आयुष्यभर संस्कृत शिकवलंत, आता घरी बसून भिंतींना विभक्ती शिकवण्यापेक्षा आल्यागेल्याला या-बसा म्हणा. मी म्हणालो की तिथे बसायला खुर्ची नाही. तर म्हणे, मग नुसतं या म्हणा.

दाराची काच आपोआप सरकते. आतल्या बाजूस दोन पांढरे खांब आहेत. पैसे न दिलेली वस्तू त्यांच्यामधून जाऊ लागली की ते वाजतात. खांबांशेजारी स्टुलावर पहारेकरी बसतो. त्याच्या देहामुळे सगळे त्याला पहाड म्हणतात. स्वभावाने तो लोण्याचा गोळा आहे.

व्यवस्थापकांनी मला नियम समजावून दिले. कोणी वस्तू उचलताना दिसला तर त्याच्यामागे धावायचे नाही, त्याच्या अंगाला हात लावायचा नाही, वाट अडवायची नाही, चोर हा शब्द तोंडातून काढायचा नाही. जवळ जायचे, हसायचे आणि विचारायचे, काही मदत हवी का. एवढ्याने त्याला लाज वाटली तर उत्तम. न वाटली तर खांब वाजू द्यायचे आणि त्याला जाऊ द्यायचे. मात्र नोकरवर्गापैकी कोणासाठी खांब वाजले, तर त्याने तपासनीस येईपर्यंत आतच थांबायचे. हा भेद का, असे मी विचारले. ते म्हणाले, आजोबा, माल पुन्हा मागवता येतो, माणूस मागवता येत नाही.

हे वाक्य मला एखाद्या सुभाषिताच्या तोलाचे वाटले. घरी येताना मनाशी घोळवत आलो.

बुधवार, ता. ६

आज पहिला चोर पाहिला. हा शब्द फक्त या वहीपुरता. कडक इस्त्रीच्या सदऱ्यातील गृहस्थाने दाढीच्या पात्यांचे पाकीट बाहीत सारले. मी जवळ गेलो, हसलो, मदत हवी का विचारले. त्याने मलाच विचारले की छत्र्या कोणत्या मजल्यावर मिळतात. मी सांगितले. खांब वाजले आणि तो गेला. पहाड म्हणाला, गुरुजी, इतके मऊ नियम आहेत की मला पहारेकऱ्याचा नव्हे, उशीचा पगार द्यायला हवा.

मला मात्र चैन पडेना. पातक घडताना पाहायचे आणि निवारायचे नाही, म्हणजे साक्षीदारानेही त्यातला वाटा उचलायचा. फार विचार केल्यावर एक मार्ग सुचला. न दिलेले घेणे ही चोरी. जे दिले आहे ते घेण्यात चोरी कसली? म्हणून यापुढे कोणी वस्तू उचलली की मी मनात म्हणणार, दिले. मग घेणाऱ्याला पातक नाही आणि पाहणाऱ्याला सल नाही.

जेवताना सूनबाईला हे सांगितले. तिने घास हातातच ठेवला आणि हसत म्हणाली, वा बाबा, हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. दुकान मालकाचं आणि पुण्य तुमचं. मीही हसलो. पण युक्ती मला मनापासून आवडली आहे.

शनिवार, ता. ९

मी काहीतरी बोलून गेलो आहे. ते नीट लिहून ठेवतो.

सकाळी दार उघडताच एक वृद्धा येते. राखी रंगाचा लांब कोट, खांद्याला कापडी पिशवी. दोऱ्याचे रीळ, साबणाची वडी, असे काहीबाही ती पिशवीत टाकते. पिशवी फुगत नाही. ती जाते तेव्हा खांब मात्र वाजतात. मदत हवी का विचारले की ती वर न पाहता म्हणते, नुसतं बघतेय. पहाड म्हणतो की तो कामावर लागला तेव्हाही ती अशीच येत असे.

आज तिने लोकरीचा गुंडा उचलला. तिची थरथरती बोटे पाहून मनातले शब्द ओठांवर आले. मी म्हणालो, बाई, संकोच नको. या दुकानातून तुम्ही जे न्याल ते मी दिले.

तिने प्रथमच मान वर केली. डोळे वृद्ध नव्हते. तिने हळूच विचारले, सगळं?

त्या क्षणी मला स्वतःच्या औदार्याची भुरळ पडली. मी म्हणालो, सगळं.

ती हसली. जाताना तिने पहाडच्या स्टुलावरची शिट्टी उचलली आणि पिशवीत टाकली. पहाड म्हणाला, नेऊ दे, नाहीतरी फुंकायची परवानगी कुठे आहे. ती खांबांमधून गेली. आज खांब वाजले नाहीत.

सोमवार, ता. ११

जे पाहिले तेवढेच लिहितो.

ती आली ती थेट पहाडकडे गेली. कापडाचा पोत पाहावा तशी तिने त्याच्या कोटाची बाही चिमटीत धरून पाहिली. मग त्याला स्वतःभोवती एकदा फिरवले आणि मानेमागची चिठ्ठी वाचली. एवढा मोठा गडी, पण लहान मुलासारखा फिरला. नियमाप्रमाणे तो हसला आणि म्हणाला, काही मदत हवी का. तिने पिशवीचे तोंड उघडले.

तो आत कसा गेला हे मी पाहिले आहे, परंतु लिहू शकत नाही. पिशवी होती तेवढीच राहिली.

मी तिच्या मागे धावणार, तोच व्यवस्थापकांनी माझा दंड धरला. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, आवाज मात्र शांत. ते म्हणाले, धावायचं नाही, वाट अडवायची नाही, नियम माहीत आहे ना. मी म्हणालो की ती माणूस घेऊन चालली आहे. ते म्हणाले की ती ग्राहक आहे. खांब मुके राहिले.

मी गल्ल्याशी गेलो आणि सूनबाईचा हात धरला. म्हणालो, ऊठ, आत्ताच्या आत्ता घरी. तिनेही सर्व पाहिले होते. काही न विचारता ती निघाली. खांबांजवळ येताच दोन्ही खांब वाजू लागले आणि काच सरकली नाही. आमच्या खिशांत काही नव्हते. मागून अत्तरविभागातील मुली आल्या, तर त्यांच्यासाठीही वाजले. व्यवस्थापक म्हणाले, आता तपासनीस येईपर्यंत सर्वांनी आतच थांबायचं. फोन नियमाप्रमाणे कपाटात जमा असतात. कपाटाची किल्ली पहाडच्या खिशात होती.

सूनबाईने मला विचारले, बाबा, तुम्ही त्या बाईला काय म्हणालात? मी सांगितले. या वेळी ती हसली नाही.

मंगळवार, ता. १२

तपासनीस आले नाहीत. आम्ही सारे विश्रांतीच्या खोलीत आहोत. दुकान उघडले तसे जो तो आपल्या जागी जाऊन उभा राहिला. कोट अंगात असला की पाय आपोआप जागेवर जातात.

नवा पहारेकरी आला. सडपातळ आहे. अंगात पहाडचा कोट, छातीवर पहाडचा बिल्ला. व्यवस्थापक माझ्याकडे न पाहता पुटपुटले की माणूसही मागवता येतो म्हणायचा.

ग्राहक येतात, जातात. काच त्यांच्यासाठी सरकते. मी एकाचे हात धरून सर्व सांगितले. त्याने हात सोडवून घेतले आणि म्हणाला, नको, नुसतं बघतोय.

आज तिने दोन गोष्टी नेल्या. अत्तरविभागातील थोरल्या मुलीचा रुमाल आणि व्यवस्थापकांची टाय. कोणी अडवले नाही. सर्वांनी विचारले, काही मदत हवी का.

बुधवार, ता. १३

रुमालवाली मुलगी गेली. मग व्यवस्थापक. आधी वस्तू, मग तिचा धनी.

ते जाताना नियम मोडतील असे वाटले होते. त्यांनी हात जोडले आणि हसले.

दुपारी तिच्यापुढे आडवा उभा राहिलो. म्हणालो, जे दिले ते मी परत घेतो. ती ममतेने म्हणाली, आजोबा, दिलेलं परत घेणाऱ्याला कोणती गती मिळते ते तुम्हीच सांगा, तुम्ही जाणते आहात. मला ठाऊक आहे, किड्याचा जन्म. आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवले आहे. तरीही म्हणालो की ती गती मला चालेल, परत घेतो. तिने मान हलवली. म्हणाली, तुमचं होतं कुठे? तुम्ही नुसतं हो म्हणालात. मला तेवढंच कोणीतरी म्हणायला हवं होतं.

तुळशीपत्र. सूनबाईने बजावले होते.

जाताना ती गल्ल्याशी थांबली. सूनबाईच्या केसांतून निळा चाप ओघळून पडला होता. त्या वृद्धेने तो उचलला, प्रकाशात धरला, पिशवीत टाकला.

गुरुवार, ता. १४

नवे व्यवस्थापक. तेच वाक्य, माणूस मागवता येत नाही.

नामस्मरण करतो, पण मधेच जिभेवर मदत हवी का येते.

ती अजून आलेली नाही. सूनबाई शेजारी बसली आहे. म्हणते, बाबा, तुम्ही कुढू नका, तुमच्याशिवाय मला तरी कोण आहे. पाठीवर मोकळे केस. बोटांनी सारखी चाप शोधते.

एकच वाट दिसते. येथे नोकराला अडवतात. चोराला अडवत नाहीत. हात लावत नाहीत, वाट अडवत नाहीत. जे तिला दिले आहे ते न विचारता तिच्यापासून घेतले, तर मी चोर. मग मला या दुकानात कोण अडवणार?

आयुष्यात परक्याचे फूलही तोडले नाही —

गुरुवार, नंतर

साधले. प्रभू क्षमा करो, न करो, साधले.

ती गल्ल्याशी वाकली तेव्हा मी तिच्या पिशवीत हात घातला. आत थंड होते. खोल. कोणीतरी माझे बोट धरले. पहाडचा हात मी ओळखला. मला तो ओढून काढता आला नाही. चाप हाती लागला. सूनबाईच्या केसांत खोवला आणि मोठ्याने म्हणालो, मी चोर आहे, हिला चोरून नेतो आहे.

सारे हसत जवळ आले. काही मदत हवी का. कोणी हात लावला नाही. खांब किंचाळले. पण काच सरकली. मी तिला बाहेर ढकलले. ती रस्त्यावर उभी, उन्हात, डोक्यावर निळा चाप.

मी पाऊल उचलले, तर काच मिटली.

तिला चोरणारा मी होतो. मला चोरणारे कोणी नव्हते.

शुक्रवार, ता. १५

सूनबाई सुटली. याहून काही मागणे नाही.

चष्मा नाही. गल्ल्यावर ठेवला होता. ती वृद्धा घेऊन गेली. अक्षरे मोठी काढतो आहे.

म्हणजे उद्या मी. हरकत नाही. पहाड आत आहे —

शनिवार

दार उघडले आहे. ती माझ्याशेजारी उभी. माझी बाही चिमटीत. घाई नाही तिला. मी लिहितो आहे, ती वाट पाहते.

काचेबाहेर कोणी आहे. नीट दिसत नाही. निळे काही, केसांत —

सूनबाई.

हाताने खुणावते आहे. स्वतःकडे बोट, मग माझ्याकडे. मूठ मिटून दाखवते. मला चोरायला आली आहे. वेडी पोर. युक्ती माझ्याकडूनच शिकली —

नको. मी मान हलवतो. तिला वाटते, भीतीने.

ओरडतो, तर तोंडातून तेच निघते. काही मदत हवी का. काही मदत —

आत येणाऱ्यासाठी खांब वाजत नाहीत. आत आली की ती दुकानात. आणि दुकानातले सगळे मी —

वृद्धा माझी बाही सोडते आहे. दाराकडे वळली. पिशवीचे तोंड उघडते आहे.

पहारेकरी अदबीने बाजूला झाला. काच सरकते आहे.

सूनबाई माझ्याकडेच पाहते आहे. वृद्धेकडे नाही. माझ्याकडे पाहू नकोस, बाळ, मागे फीर, आत पाऊल टा