न दुखलेली सुई

१८ नोव्हेंबर २०२४

उद्या ॲक्युपंक्चरच्या सुया टोचून घ्यायला जायचं नक्की. कोपरापासून करंगळीपर्यंत हात दुखतो, मुंग्या येतात. गोळ्या झाल्या, मलम झालं, पट्टा झाला. मेस चालवणाऱ्या बाईचा उजवाच हात असा झाल्यावर कॉलेजच्या पोरापोरींचे डबे कोण भरणार?

मेसवर मदतीला येणारी सोजराबाई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "सुयानं कुठी दुखनं जाते का बाई? उलटं वाढीन." हे जालन्याला कारखान्यात असतात, शनिवारी येतात. फोनवर म्हणाले, "जाऊन तं पाह्य."

मला भीती एकाच गोष्टीची – दुखेल किती?

१९ नोव्हेंबर

डॉ. प्रतीक्षा माझ्याहून लहानच असतील. आधी नुसते प्रश्न – जेवून आलात ना, उपाशीपोटी चक्कर येते. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? शुगर? दिवस गेलेत का? मग माझ्यासमोर पाकीट फोडलं. सुया नव्या, केसासारख्या बारीक. एकदा वापरली की फेकायची, म्हणाल्या.

"टोचेल थोडं. मग जड वाटेल, ओढ लागल्यासारखं. जे वाटेल ते सांगा. काहीच वाटलं नाही तरी सांगा."

मी तोंड भिंतीकडे केलं. वाट पाहिली, पाहिली. शेवटी म्हटलं, "टाका ना मॅडम."

"टाकली, ताई."

वळून पाहिलं. करंगळीच्या कडेला सुई उभी होती!

मला तर हायसं वाटलं. उगाच घाबरले, असं बोलूनही गेले. पण त्या हसल्या नाहीत. "इथे टोचलं की लोक हात ओढून घेतात," म्हणाल्या. सुई काढली. माझे डोळे मिटायला लावून हातावर कापूस फिरवला. मला एकदाही कळलं नाही. मग बाही वर केली. दंडावर एक फिकट चट्टा आहे, उन्हाचा असेल म्हणून मी कधी लक्षच दिलं नाही. कोपराच्या मागे त्यांनी बोटाने चाचपलं. "ही नस दोरीसारखी जाड लागतेय. आता सुया नाही. उद्याच सरकारी दवाखान्यात चामडीच्या डॉक्टरांना दाखवा."

हात दुखतोय, अन् दाखवायचं चामडीच्या डॉक्टरला?

२० नोव्हेंबर

कुष्ठरोग.

२१ नोव्हेंबर

काल त्या एका शब्दापुढे पेन चाललं नाही.

डॉक्टरांनी सर्दी झाली म्हणावं तसं सांगितलं. बरा होतो. वर्षभर गोळ्या, फुकट मिळतात. त्या सुरू केल्या की थोड्याच दिवसांत लागण थांबते. जेवणातून पसरत नाही, मेस बंद करायची गरज नाही. मी मान हलवत होते, आत काहीच जात नव्हतं. दिवाळीत तळताना बोट भाजलं होतं, फोड आल्यावर दिसलं. स्वयंपाक करणाऱ्या बाईचे हात असेच राठ होतात, असं तेव्हा वाटलं.

मी विचारलं, "मला कोणाकडून झाला?"

"श्वासातून होतो. इलाज न केलेल्या माणसासोबत बरेच दिवस राहिलं तर. पण तो माणूस बहुतेक वेळा सापडत नाही."

पहिल्या गोळ्या घेतल्या. लघवी लाल होईल हे सांगितलं होतं, तरी पाहून दोनदा पाणी ओतलं.

२३ नोव्हेंबर

हे आले. फोनवर सांगायची हिंमत झाली नव्हती. दारातच सांगितलं, आणि म्हटलं, माझ्यापासून दूर बसा.

हे हातपाय धुऊन आले. जेवताना शेजारी येऊन बसले अन् माझ्याच ताटातली भाकरी मोडली. "बरा होते हा. गोळी एकबी चुकवू नको. आंग काळं पडीन, भेऊ नको, मंग जाते ते."

मी खूप रडले. लोकांचे नवरे अशा दुखण्यात बायकोला माहेरी नेऊन टाकतात. आमच्या घरात आम्ही दोघंच, मूल नाही. त्यावरून यांनी मला कधी बोल लावला नाही, आणि आता या दुखण्यातही नाही. असा माणूस मला मिळाला.

२६ नोव्हेंबर

काल सोजराबाईला सांगून टाकलं. तिच्या हातातलं लाटणं थांबलं. "मले होईन का?" म्हणाली, आणि पदर सावरून निघून गेली. वाटलं, गेली ती गेली. आता गल्लीभर होईल, डबे बंद होतील.

आज दुपारी आली. "दवाखान्यात दाखोलं. काई नाही निंघालं. कनिक मळली का?"

प्रतीक्षा मॅडमचा फोन आला. गोळ्या चालू आहेत का, हात भाजत नाही ना. "बरेच जण सुई कळली नाही तरी 'ठीक आहे' म्हणून पडून राहतात. तुम्ही बोललात म्हणून हात वाचेल." आता कोणी नवीन माणूस सुयांचं विचारायला आला, तर एवढंच सांगेन – दुखलं तर सांगालच, नाही दुखलं तर आधी सांगा.

३० नोव्हेंबर

घरच्यांना तपासायला दवाखान्यातून सिंधूताई आल्या. हे शर्ट काढायला तयार नव्हते. काढला. पाठीवर तो जुना चट्टा. गजकर्ण म्हणून मीच त्याला मलम चोळायची.

सिंधूताई म्हणाल्या, "भाऊ, हा इलाज झालेला चट्टा दिसतोय. कुठे केला?"

"जालन्यात. मागच्या साली. पुरा केला."

"मग तेव्हा घरी कोणी तपासायला आलं नाही? यांना तेव्हाच आजार टाळायची गोळी देता आली असती."

हे शर्टाची बटणं लावायला लागले.

"एकटाच राह्यतो म्हून सांगतलं होतं. घरी कोनी नाही म्हून."