कोबीच्या वीस ओळी

४ नोव्हेंबर
दादा एकदाचा तयार झाला! कोबीच्या वीस ओळी माझ्या — निम्मं खत आणि उरलेल्याची भरपाई करायला मुळांना माझे जिवाणू. शेजारच्या वीस त्याच्या, नेहमीच्या पूर्ण खताच्या. "गड्डे लिंबाएवढे निघाले तर तूच खात बस," म्हणाला.

खत झिरपून विहिरीत उतरतंय, हे पाण्याच्या तपासणीत स्पष्ट आलंय. दादाच्या बाळाला ते पाणी द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. वहिनी रोज लांबून दोन कॅन भरून आणते. खत कमी झाल्याशिवाय विहीर काही सुधारत नाही. आणि पीक जाईल या धास्तीने दादा मूठभरही कमी करत नाही. हट्टी मेला.

७ नोव्हेंबर
प्रयोगशाळेत साहेबांनी अडकवून ठेवलं. लागवडीला जाता आलं नाही. दादाला फोनवर समजावलं. "अगं, रोपांची मुळं औषधात बुडवायची, एवढंच ना? मला शिकवतेस!"

२ डिसेंबर
फरक नाही.

२१ डिसेंबर
अजूनही फरक नाही. म्हणजे चांगलंच. पानं सारखी, रंग सारखा. वहिनी म्हणाली, "तुमचे जंतू कामाला लागले हं!" जंतू नको म्हणूस, म्हटलं. ती जंतूच म्हणते.

सात वर्षं जिवाणूंच्या या एका जातीमागे घालवली. आज पहिल्यांदा वाटलं, जमलं. बरं वाटलं. खूपच.

२८ जानेवारी
काढणी. माझ्या ओळींत गड्डा सरासरी एक किलो दोनशे ग्रॅम. दादाच्या ओळींत एक किलो दोनशे दहा. त्याने काटा दोनदा तपासला, मग माझ्या डोक्यात टपली मारली. पुढच्या हंगामात सगळ्या शेताला निम्मंच खत देणार म्हणाला. दिवसभर दिसेल त्याला सांगत सुटला होता — बहिणीच्या औषधाची कमाल!

३ फेब्रुवारी
अहवालासाठी माझ्या ओळींतल्या मुळांजवळच्या मातीतले जिवाणू प्रयोगशाळेत बशीत वाढवून पाहिले. माझ्या जिवाणूंचे केशरी ठिपके यायला हवेत. एकही नाही. पुन्हा केलं. नाही.

५ फेब्रुवारी
दादाला विचारलं, लागवडीच्या दिवशी नेमकं काय केलंस? "काय म्हणजे? बुरशीचं औषध सगळ्याच रोपांना द्यायचं होतं. तुझं त्यातच कालवलं. दोनदा कोण बुडवत बसतंय!"

बुरशीच्या औषधात तांबं असतं. माझे बिचारे टपातच मेले. म्हणजे कोबी नुसत्या निम्म्या खतावर वाढला. उरलेलं निम्मं इतकी वर्षं पिकाला नकोच होतं. एका हंगामावरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. तरी.

सात वर्षं! रडले. मग भांडी घासली.

६ फेब्रुवारी
दादाला सगळं सांगितलं. मान खाजवत म्हणाला, "शेजाऱ्यांना बोलू नकोस. त्यांचंही खत आपल्याच विहिरीत येतं. नुसतं कमी टाका म्हटलं तर कोण ऐकेल? मी ऐकलं असतं? हातात बाटली दिली की माणूस ऐकतो."

हे खोटं आहे, म्हटलं.

"आहेच की. अहवालात खरं लिही."

९ फेब्रुवारी
शेजारी आला. दोन बाटल्या मागितल्या. दिल्या. "खत मात्र निम्मंच हं," बजावलं.