ब्रश लागलेला दगड

टॅमरॅक लेक, सस्कॅचेवान
११ मार्च

प्रिय नोरीन,

तुझा फोन नाही, चिठ्ठी नाही, तेव्हा मीच लिहिते. इकडे सगळे ठीक. थंडी अजून हटत नाही. बाबांचा गुडघा कुरकुरतो, तरी रोज सकाळी कर्लिंग क्लबात जाऊन, खेळाचे दगड नीट सरकावेत म्हणून बर्फावर पाण्याचे थेंब फवारून येतातच. पस्तीस वर्षं झाली, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. आईने बटाट्याचं सारण भरलेल्या डबाभर पिरोगी तुझ्यासाठी बाजूला ठेवल्यात.

शुक्रवारी पोस्टात गेले होते. काउंटरवरची ग्लेंडा म्हणाली, "काय गं, तुमच्या संघात तुझ्या जागी ती ब्रँडन गावची पोरगी घेतली म्हणे? रेडिओवर सांगत होते." मी हसून म्हटलं, "हो, माहितीये मला."

मला काडीचंही माहीत नव्हतं, नोरीन. बारा वर्षं तू दगड सरकवलास की त्याच्यापुढे ब्रशने बर्फ घासला मी. तू कर्णधार, मी तुझी सख्खी बहीण, आणि मला हे तिकिटं घेताना कळावं!

कारण ठाऊक आहे मला. प्रांताच्या अंतिम सामन्यात माझा ब्रश चालत्या दगडाला लागला. कुणी पाहिलं नव्हतं. मी सांगून टाकलं, दगड बाद झाला, आपण हरलो. गाडीत तू एवढंच म्हणालीस, "फार हौस आहे ना तुला साधुपणाची!" आपल्या खेळात ज्याची चूक त्यानंच सांगायची असते. बाबांनी आपल्याला दगड ढकलायच्या आधी हेच शिकवलं होतं.

पण मी कुठली साधू? आदल्याच दिवशी, उपांत्य सामन्यात, शेवटच्या दगडाला तू स्वतः बर्फ घासायला पुढे धावलीस आणि तुझा ब्रश त्याला लागला. तू माझ्याकडे पाहिलंस. मी मान खाली घातली. आपण जिंकलो. मग रिवाजाप्रमाणे हरलेल्यांना आपण बिअर पाजली, आणि त्यांची कर्णधार डार्लीन तुझ्या गळ्यात पडून म्हणाली, "तुमच्याकडून हरायची लाज नाही वाटत गं." मी माझी बिअर तशीच टाकून उठले. म्हणून दुसऱ्या दिवशी गप्प बसणं जमलं नाही.

तुझ्यासाठी मी खोटं पचवलं, आणि खरं बोलले म्हणून तू मला काढलंस.

बाबा विचारतात, "तिनं तुला का काढलं?" मी सांगते, खांदा दुखतो.

सोबत डार्लीनला लिहिलेलं पत्र आहे. शेवटच्या दगडाला ब्रश लागला, ते मी पाहिलं आणि लपवलं, एवढंच त्यात आहे. माझी सही केली आहे. ब्रश कुणाचा ते लिहिलेलं नाही. तुझ्या सहीपुरती जागा सोडली आहे. पाकिटाला तिकीट लावलंय, टपालात तू टाक.

पुढच्या शनिवारी डार्लीन आपल्या क्लबात खेळायला येते आहे. तोवर तिला ते मिळालं नाही, तर मी बाबांच्या देखत तोंडी सांगेन. तेव्हा मात्र नाव घेईन.

खाली दरवेळी 'तुझी' लिहिते. आज लिहवत नाही.

मार्ला