नाव नंतर जाहीर करायचा खेळाडू

मी, खाली सही करणारी व्हर्ना अगाथा झेलेंका, कै. एमेट झेलेंका यांची पत्नी, वय एक्क्याऐंशी, धंदा बेसबॉल, राहणार मार्लो लँडिंग, ओहायो, आज पूर्ण शुद्धीत आणि बऱ्यापैकी रागात हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. ‘रागात’ हा शब्द काढा, असे वकिलांनी दोनदा सुचवले. काढलेला नाही. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला गावाचे मेयर कोण, असे विचारले. मी नाव सांगितले आणि मेयरबद्दलचे माझे मतही सांगितले, तेव्हा ते हसत म्हणाले, “पुरे, व्हर्ना, पुरे. लिहितो.”

हे पत्र मी कोणाच्याही दडपणाखाली लिहिलेले नाही. दडपण आणण्याचा प्रयत्न माझ्या दोन्ही मुलांनी केला, पण वेगवेगळ्या दिवशी येऊन. दोघे एकत्र आले असते तर मी कदाचित ऐकलेही असते.

१. याआधी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी ‘मार्लो फेरीमेन’ हा आमचा बेसबॉल संघ आणि मैदान मुलगा क्लेटन व मुलगी रोझलिन यांना अर्धे अर्धे दिले होते. तेव्हा ते एकमेकांशी बोलत होते.

२. लिंडेन रस्त्यावरचे घर विकावे आणि येणारी रक्कम दोघांनी सारखी वाटून घ्यावी. घराबद्दल भांडण होणार नाही, कारण ते दोघांनाही नको आहे. जेवणाचे टेबल मात्र विकू नये. ते मैदानावरच्या कपडे बदलायच्या खोलीत न्यावे. का, ते पुढे कलम सातमध्ये आहे.

३. मैदानावर चुन्याच्या रेघा ओढायची गाडी, दोन्ही दंताळी आणि गवत कापायचे यंत्र लिओटा बँक्स हिला द्यावे. गेली कित्येक वर्षे मैदान तिनेच राखले आहे आणि ही हत्यारे तशीही तिचीच आहेत. माझ्या आईची कोलाचे या गोड भरलेल्या पावाची कृती कोणालाही देऊ नये. ज्यांनी खाल्ले त्यांनी खाल्ले.

४. फाटकाजवळ उभी असलेली जुनी बस, जिच्यात आता तिकिटे आणि सॉसेज विकतो, ती तिथेच राहावी. तिचा इतिहास येथे नोंदवणे भाग आहे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे.

सन १९८३ मध्ये माझे पती एमेट मेयरपदाच्या निवडणुकीला डेमोक्रॅटिक पक्षाकडून उभे होते. समोर रिपब्लिकन पक्षाचे ऑर्विल पिकरेल, हार्डवेअरच्या दुकानाचे मालक. त्याच मोसमात आमच्याकडे अन्सेल्मो ट्रेविन्यो नावाचा पिचर होता, टेक्सासमधल्या लारेडोचा, वय चोवीस. सगळे त्याला चेमो म्हणत. त्याने फेकलेला चेंडू फलंदाजाला दिसायचा, पण बॅटीला सापडायचा नाही. एमेटने रोकड सगळी प्रचारात घातली होती, म्हणून चेमोशी त्याने असा करार केला की अर्धा पगार आत्ता आणि उरलेला अर्धा पुढची पंधरा वर्षे, दर एक जुलैला थोडा थोडा. तरुण पोराने हसत सही केली.

ऑगस्टमध्ये चेमोच्या भाड्याच्या घरापुढे गवतात पिकरेलच्या प्रचाराची पाटी उभी राहिली. एमेट कामावरून येताना ती बघून आला आणि टोपीसुद्धा न काढता ओरडला, “माझं मीठ खातो आणि त्या खिळेवाल्याचा प्रचार करतो!”

मी म्हटले, “आधी त्याला विचार तरी.”

“विचारायचं काय? मोठ्या अक्षरात लिहिलंय!”

त्याच संध्याकाळी नदीपलीकडच्या टेसवेल ड्रमर्स या संघाशी त्याने अदलाबदल ठरवली. चेमो त्यांना. त्याच्या बदल्यात आम्हाला ही बस, आणि वर एक खेळाडू, ज्याचे नाव नंतर जाहीर करायचे. आमच्या धंद्यात ही रीत आहे. आत्ता मनासारखा खेळाडू दिसत नसेल तर हक्क राखून ठेवायचा आणि पुढे नाव सांगायचे. नाव कधीपर्यंत सांगायचे याची मुदत घालतात. एमेटला प्रचारसभेला जायची घाई होती. मुदत घालायची राहून गेली.

दुसऱ्या दिवशी चेमो बॅग घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आला.

“मिसेस झी, ती पाटी घरमालकिणीनं लावली. मी तिला नाही कसं म्हणणार? दर रविवारी चिकन करते ती माझ्यासाठी.”

“मग एमेटला सांग ना तसं!”

“सांगायला गेलो होतो. त्यांनी दार उघडलं नाही.” मग तो खजील होऊन म्हणाला, “माझं तर मतही इथं नाही. लारेडोला आहे.”

मी हे एमेटला सांगितले तेव्हा तो बराच वेळ बुटाच्या नाड्या बांधत बसला. पण कागद झाला होता आणि बस फाटकात येऊन उभी होती. तिचा हीटर चालत नव्हता.

सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात चेमोने ड्रमर्सकडून आम्हाला हरवले. आमच्याच संघाला, आमच्याच अर्ध्या पगारावर. कारण आमच्या धंद्यात खेळाडू धाडला तरी दिलेला शब्द धाडता येत नाही. ठरलेल्या पगारातला अर्धा खेळाडू पाठवणाऱ्या संघालाच भरावा लागतो, तसे अदलाबदलीच्या कागदातही लिहिले होते. शेवटचा फलंदाज बाद झाला तेव्हा आमच्या लोकांत एमेट एकटा उभा राहून टाळ्या वाजवत होता. नोव्हेंबरमध्ये तो एकतीस मतांनी पडला. चेमोला घालवल्याबद्दल गावाने एवढी मते फिरवली, हे पिकरेलने स्वतः मला नंतर कबूल केले.

५. एक जुलैचा तो चेक मी कधी पोस्टाने पाठवला नाही. दर वर्षी मुलांना गाडीत घालून पूल ओलांडून मी तो चेमोच्या हातात दिला. त्याने टेसवेलमध्येच लग्न केले, घर केले. त्याची बायको कॉफी करायची, आणि अंगणात तो क्लेटनला वळणारा चेंडू शिकवायचा, रोझलिनला बंट, म्हणजे बॅट नुसती टेकवून चेंडू जवळच पाडणे, शिकवायचा. क्लेटनला राग आला की तो बॅट आपटायचा, रोझलिन रडायची. चेमो दोघांना एकच सांगायचा, “आधी पाणी प्या.” पंधरा वर्षांनी चेक संपले. आमचे जाणे संपले नाही.

एमेटने त्याची माफी कधी मागितली नाही. पण चेमोचा सत्तावीस नंबरचा शर्ट त्याने पुन्हा कोणाला दिला नाही. शेवटच्या आजारात एकदा मला म्हणाला, “व्हर्ना, ड्रमर्सकडून एक खेळाडू अजून यायचाय.” मी म्हटले, “माहीत आहे.”

६. आता मुलांबद्दल.

क्लेटन आज रिपब्लिकन पक्षाकडून काउंटीच्या कमिशनरपदासाठी उभा आहे, म्हणजे ज्या पक्षाने त्याच्या बापाला पाडले त्याच पक्षाकडून. रोझलिन काउंटीतल्या डेमोक्रॅटिक पक्षाची अध्यक्ष आहे आणि भावाला पाडणे हे तिचे यंदाचे काम आहे. मैदानाचे छत गळते. ते काउंटीने कर लावून दुरुस्त करावे की नाही, हाही प्रश्न याच मतपत्रिकेवर आहे. रोझलिन म्हणते मैदान काउंटीने घ्यावे. क्लेटन म्हणतो काउंटीने एक डॉलरही देऊ नये. दक्षिणेतल्या एका कंपनीला आमची लीगमधली जागा हवी आहे आणि मैदानावर तिला गोदाम बांधायचे आहे. ती वाट बघत बसली आहे, आणि कशाची ते मला ठाऊक आहे. आमच्या लीगचा नियम आहे की निम्म्याहून जास्त हिस्स्यांच्या मालकांची वेळापत्रकावर सही झाली नाही, तर संघाची जागा रद्द होते. दोघांना अर्धे अर्धे देऊन मी मेले, तर पहिल्याच वसंतात फेरीमेन संपतील.

गेल्या ईस्टरला दोघांना जेवायला बोलावले. सूप संपायच्या आत सुरू झाले.

“करदात्यांच्या पैशातून स्वतःच्या पक्षाचा मंडप घालायचाय, असं सरळ सांग ना.”

“आणि तुला बाबांच्या मैदानावर गोदाम हवंय, तूही सांग सरळ.”

“बाबांचं नाव तू काढू नकोस. तूच त्यांची लाडकी होतीस.”

“लाडकी? तुला त्यांनी हातमोजा घेऊन दिला. मला तुझा जुना मिळाला!”

मी म्हटले, “ताटात हॅम आहे. ते तरी बघा.”

“आई, तू नेहमी हिचीच बाजू घेतेस,” क्लेटन म्हणाला. “आई, तू नेहमी ह्याचीच घेतेस,” रोझलिन त्याच दमात म्हणाली. एवढ्यावर मात्र दोघांचे एकमत होते. क्लेटन कोट न घेता निघून गेला. तो कोट अजून माझ्या खुंटीवर आहे. त्या दिवसापासून दोघे एका छताखाली आलेले नाहीत, आणि मला याचे फार वाईट वाटते, हे मी इथे स्वच्छ लिहिते.

क्लेटन, रोझलिन, तुम्ही एकमेकांना पलीकडच्या संघाला देऊन टाकलेत. पण त्याचा अर्धा पगार तुम्ही अजून आपल्याच खिशातून भरता आहात. फोनवर एकमेकांची चौकशी माझ्याकडेच करता, ती मी ऐकते ना.

७. म्हणून मी ठरवले आहे ते असे.

संघ आणि मैदान यांचे शंभर हिस्से समजावेत. एकोणपन्नास क्लेटनला. एकोणपन्नास रोझलिनला. उरलेले दोन त्या खेळाडूला, जो ड्रमर्सकडून आम्हाला येणे आहे. मुदत घातलेली नसल्यामुळे तो हक्क अजून आमचाच आहे. आज मी त्याचे नाव जाहीर करते.

अन्सेल्मो ट्रेविन्यो.

तो खेळाडू कसा, अशी हरकत कोणी घेईल. चेमो आज पासष्टचा आहे आणि ड्रमर्सच्या पोरांना पिचिंग शिकवतो. आमच्या लीगमध्ये संघाच्या कपड्यात मैदानावर पाऊल टाकायचे तर नाव खेळाडूंच्या पटावर लागते. त्याचे आहे. ज्याला दिले, तोच बदल्यात परत घेतला, असे होते का, हेही कोणी विचारील. कागदात मनाई नाही. मी तो चष्मा लावून पुन्हा पुन्हा वाचला आहे.

नियम पुढीलप्रमाणे. क्लेटन आणि रोझलिन यांचे एकमत झाले, तर चेमोने मधे पडू नये. झाले नाही, तर त्याच दिवशीचा घरचा सामना दोघांनी एका बाकावर बसून शेवटपर्यंत पाहावा. मग माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसून आपापले म्हणणे चेमोला सांगावे. जो कोणी पक्षाचे नाव आधी काढील, त्याचे मत त्या दिवसापुरते बाद. चेमोने दोघांना आधी पाणी द्यावे आणि मग निकाल सांगावा. संघ विकायचा असेल तर तिघांची सही लागेल. येत्या निवडणुकीत कोण पडो, कोण निवडून येवो, यातला एक शब्दही बदलणार नाही.

हे सांगायला मी परवा पुलापलीकडे गेले. चेमोने सगळे ऐकून घेतले.

“मिसेस झी, मी कुठल्या पक्षाचा ते तरी विचारा.”

“एमेटनं पाटी बघून ठरवलं होतं. मी नाही विचारणार.”

“पोरं माझं ऐकतील?”

“तुझ्याकडून शिकलेला चेंडू क्लेटन अजून माझ्या नातवाला शिकवतो. आणि रोझलिन माझं ऐकत नाही म्हणून मी तुझ्याकडे आलेय.”

तो डोळे पुसत उठला आणि म्हणाला, “विचार करून कळवतो.”

८. चेमो आमच्याकडे आल्यापासूनचा त्याचा अर्धा पगार, त्याच जुन्या कागदाप्रमाणे, त्याला पाठवणाऱ्या टेसवेल ड्रमर्सने द्यावा. ड्रमर्सचे आजचे मालक वेड किमब्रो यांच्या वडिलांनी त्यावर सही केली होती. अक्षर वेड यांनी ओळखले आणि माझ्या दारात उभे राहून बरेच काही बोलले. ते इथे लिहिण्यासारखे नाही. मग कॉफी घेतली आणि साक्षीदार व्हायला तयार झाले.

९. माझ्या अंत्यविधीला कोणत्याही पक्षाचा बिल्ला लावून येऊ नये. क्लेटनने येताना कोट घेऊन जावा. थंडी असेल.

हे मृत्युपत्र मी वाचले, वकिलांनी मला वाचून दाखवले, आणि ते माझ्या मनासारखे आहे. खालील दोघांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर सही केली.

ठिकाण : मार्लो लँडिंग, ओहायो
दिनांक : २१ ऑक्टोबर २०२४

सही : व्हर्ना अ. झेलेंका

साक्षीदार १ : वेड किमब्रो, टेसवेल. (अर्धा पगार नाइलाजाने मान्य. बस परत मिळेल का?)

साक्षीदार २ : आर्डिथ पिकरेल, पिकरेल हार्डवेअर, मार्लो लँडिंग. (बस मिळणार नाही, असे व्हर्ना म्हणते. ऑर्विलची मुलगी म्हणून माझेही तेच मत.)

खेळाडूची संमती, दिनांक २४ ऑक्टोबर : येतो. सत्तावीस नंबरचा शर्ट अजून आहे का? — अन्सेल्मो ट्रेविन्यो

आहे. धुऊन, इस्त्री करून ठेवला आहे. — व्ह. झे.