मेन स्विचच्या अलीकडची तार

३ ऑक्टोबर, सोमवार
आज पुन्हा तेच! सकाळी बिजागऱ्यांच्या कारखान्यात पोचले तर कॉम्प्युटर गतप्राण. रात्रभरात शिल्लक मालाचा हिशोब करायला लावून आले होते, अर्ध्यातच बंद पडला. मग सावरायला तासभर. तोवर हिशोबाच्या बाई, स्टोअरकीपर, डिस्पॅचवाले, सगळे त्या एकाच मशीनला जोडलेल्या आपापल्या काळ्या पडद्यांसमोर बसून माझ्याकडे बघतायत. मालक म्हणाले, "जुनं ते जुनंच हो ताई. मोठ्या कंपनीनं काढून टाकलं ते काय उगाच?"

मोठ्या कंपनीनं टाकलं कारण त्यांना नवं हवं होतं. मशीन ठणठणीत आहे. नव्याच्या किमतीत छोटा कारखानदार दुसरी शेड बांधेल, म्हणून तर मी ही जुनी घेऊन, दुरुस्त करून विकायला निघाले. पण कोणाला सांगतेय मी हे? वहीला.

५ ऑक्टोबर, बुधवार
डिस्क बदलली. काही उपयोग नाही.

७ ऑक्टोबर, शुक्रवार
दादाचा फोन. त्याच्या गोदामात माझी अजून पाच मशीनं पडलीयत. "महिनाअखेरीला जागा रिकामी हवी. हे पहिलं खपलं तर बाकीची त्याच गल्लीत जातील म्हणालीस ना? नाहीतर भंगारवाल्याला बोलावतो." सख्खा भाऊ आहे हा!

चुकीचं बोलत नाहीये, हेच जास्त लागतं. मालक वीस तारखेपर्यंत वापरून बघणार, मग घ्यायचं की नाही ते ठरवणार. शेजारचे रंगवाले आणि खोकेवाले त्यांच्याकडे डोळे लावून बसलेत.

१० ऑक्टोबर, सोमवार
सापडलं! संध्याकाळी मुद्दाम थांबले. शेवटचा माणूस बाहेर पडला, आणि मालकांनी अख्ख्या कारखान्याचा मेन स्विच खाडकन पाडला. रोज पाडतात म्हणे! आठवडाभर मी मशीनची आतडी बाहेर काढतेय आणि हे गृहस्थ वीजच तोडतायत. विचारलं तर, "त्यात सांगायचं काय? रात्री मशिनं कुठं चालतात?"

समजावलं — हे लेथ नव्हे, ह्याचं मोठं काम रात्रीच. ह्याच्यापुरती वेगळी तार ठेवू. ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माझा धाकटा भाऊ रात्री इथं झोपायचा. एक तार जळली. तेव्हापासून रात्री ह्या छपराखाली वीज नाही."

घरी येताना रडू आलं. त्यांच्यासाठी की माझ्यासाठी, कळेना.

१२ ऑक्टोबर, बुधवार
रात्रीचं काम दिवसा लावून पाहिलं. सगळ्यांचे पडदे गोठले. एक बिल काढण्यात बाईंची जेवणाची सुट्टी गेली. त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलंय.

१३ ऑक्टोबर, गुरुवार
मालक बाहेर गेले होते. वायरमनला बोलावून मेन स्विचच्या अलीकडून, म्हणजे तो पाडला तरी वीज राहील अशी, मशीनपुरती तार ओढून घेतली. जाड, नवी, पाइपातून, फ्यूजही वेगळा. त्यानं विचारलं, "मालकांना माहीत आहे ना?" मी म्हटलं, हो.

लाज वाटते. पण ती पाच मशीनं भंगारात जाताना मला बघवणार नाहीत. ही तार जळायची नाही. नाहीच जळायची.

१७ ऑक्टोबर, सोमवार
रोज सकाळी हिशोब तयार. एकदाही अडलं नाही. बाई पुन्हा बोलायला लागल्या. मालकांना म्हटलं, मशीनमध्येच दोष होता, दुरुस्त केला. कसला दोष, एका शब्दानं विचारलं नाही! उलट कुरकुर वाढलीय. मशीनच्या पंख्याचा आवाज होतो, पडदा डोळ्यांना लागतो, खुर्ची बोचते. दिवसभर सगळ्यांवर खेकसतायत. इतकं करूनही ह्या माणसाला समाधान म्हणून नाही.

२० ऑक्टोबर, गुरुवार
मालकांनी सही केली. मशीन घेतलं! रंगवाल्यांनी सोमवारी बोलावलंय. दादा फोनवर म्हणाला, "बरं, गोदाम राहू दे सध्या." हवं होतं ते सगळं झालं, आणि मी जेवणाचं ताट तसंच ठेवून उठले.

उद्या तारेचं सांगून टाकते. मशीन परत न्या म्हणाले तर नेईन.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार
सांगितलं. मालक म्हणाले, "पहिल्याच रात्री कळलं. स्विच पाडला तरी ह्याचा पंखा घरघरत होता." मग तार तोडली का नाहीत? "सगळ्यांचं काम होत होतं ना, ताई."

तेव्हापासून ते रोज रात्री वाळूची बादली घेऊन मशीनशेजारी बसतात. उजाडेपर्यंत.