बाबांच्या खुर्चीपुरता गोंगाट

प्रिय धाकटोबा,

ताईने चक्क कागदावर पत्र लिहिलंय, हे बघून तुला आधी हसू येईल. हस बाबा, तेवढीच पुस्तकातून मान वर निघेल. आई म्हणते, तू परीक्षेपायी जेवण टाळतोस. होणाऱ्या डॉक्टरने असं वागायचं म्हणजे कमालच आहे!

इकडे घर रोजच्यासारखंच. आई आणि बाबा पंख्याच्या वेगावरून भांडतात, मी मध्ये पडत नाही. चष्म्याचं दुकान बंद केल्यापासून बाबांना करमत नाही. घरात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाचा चष्मा ते काढून घेतात, पुसतात, दांडी वाकवून पुन्हा नीट बसवून देतात. परवा माझ्या साहेबांचाही काढला. साहेब बिचारे चहाचा कप चाचपडत बसले होते.

साहेब आले होते आमच्या कंपनीचा वायफायच्या लहरी वळवणारा फळा घरी कसा चालतो ते बघायला. बाबांच्या मागच्या खोलीत तुझा व्हिडिओ कॉल कसा अडकायचा, आठवतंय ना? तुझं तोंड अर्धं उघडं राहायचं आणि बाबा फोन घेऊन खिडकी ते कपाट फेऱ्या मारायचे. खुर्ची हलवू या म्हटलं की हट्टाला पेटायचे. इमारतीत घरोघरी वायफायचा डबा, सगळे एकदम बोलणार, मग कुणाचंच धड पोचत नाही. आमचा फळा त्यावरचाच इलाज. चाचणीसाठी एक घरी न्यायची परवानगी मिळाली, तो मी खुर्चीसमोरच्या भिंतीवर टांगला. दिसायला अगदी साधा, बारीक फरश्या बसवल्यासारखा. पण आदळलेली लहर कशी परत फेकायची, हे त्यातला एकेक चौकोन बदलू शकतो. आपल्या डब्याच्या लहरी खुर्चीपाशी एकमेकींशी जुळवल्या की त्यांचा जोर वाढतो. शेजाऱ्यांच्या लहरी तिथे एकमेकींच्या उलट पाडल्या की त्यांचा गोंगाट विरतो. हे सगळं खुर्चीपुरतंच, बरं का. जरा बाजूला सरकलं की पुन्हा भरला बाजार.

पहिल्या संध्याकाळी तू काय स्वच्छ दिसलास रे! तुझ्या शर्टाचं तुटलेलं बटण बाबांनी लगेच हेरलं. मला इतका आनंद झाला की दिवसभराचा शीण कुठल्या कुठे पळाला. पण तुलाही ते तितकेच स्वच्छ दिसत होते. बाबा वाळल्यासारखे वाटतात, असं तू म्हणालास आणि त्यांनी हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवशी ते रंगीत काचांचा चष्मा लावून बसले. घरात गॉगल कशाला, असं तू विचारलंस, तेव्हा डोळ्यांत औषध घातलंय म्हणून थाप मारली. फोन ठेवल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

तेव्हापासून चित्र पुन्हा बिघडलंय आणि तू रोज तुझ्या होस्टेलच्या नेटला शिव्या घालतोस. त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. मीच फळ्याची मांडणी उलटी केलीय. तुझी फोनची वेळ झाली की शेजाऱ्यांचा सगळा गोंगाट बाबांच्या खुर्चीवर गोळा होतो. आवाज कसाबसा निभावतो, चेहऱ्याचे मात्र तुकडे होतात. आवाज राहू दे, चेहरा नको, असंच बाबांनी सांगितलं होतं. ज्या कामासाठी मला पगार मिळतो त्याच्या बरोबर उलटं काम मी घरी करते, आणि ते इतकं छान जमलंय की माझाच मला राग येतो.

बाबांचे डोळे पिवळे झालेत, छोट्या. पित्ताच्या नळीत गाठ आहे. ऑपरेशन ठरलंय, नेमकं तुझ्या परीक्षेच्या आठवड्यात. तुला एक नजर पुरेल आणि तू सगळं टाकून धावत येशील, या एकाच भीतीने त्यांना घेरलंय. आईने त्यांच्या होला हो केलंय आणि स्वयंपाकघरात जाऊन रडते. मला हे पटत नाही. परीक्षा पुन्हा देता येते. यायचं की नाही हे तू ठरव, ते आम्ही परस्पर ठरवून टाकू नये. बाबांनी मला शपथ घातलीय, फोनवर बोलायचं नाही आणि मेसेजही करायचा नाही. पत्राचं नाव त्यांनी काढलं नाही. हे वाचलंस की मला एवढंच कळव की बटण शिवलं. त्या संध्याकाळी मी फळा सरळ करून ठेवीन आणि पुसून देते म्हणत बाबांचा तो रंगीत चष्मा काढून घेईन. तेवढ्यात तू त्यांचे डोळे बघून घे.

तुझीच,
ताई