पाय बांधून फेरतपासणी होण्याबाबत

प्रति,
मा. नुकसानभरपाई अधिकारी,
वाहन मालवाहतूक विभाग,
बंदर कार्यालय.

विषय : जहाजातून आणताना नादुरुस्त झालेल्या हातचलित मोटारीची योग्य भरपाई मिळणे व तिची फेरतपासणी होणे याबाबत.

संदर्भ : १) माझा पहिला अर्ज. २) आपल्या निरीक्षकांचा ‘वाहन सुस्थितीत’ हा अहवाल. ३) दावा फेटाळल्याचे व भिंतीच्या दुरुस्तीचा खर्च मागणारे आपले पत्र.

महोदय,

संदर्भ क्र. ३ चे पत्र मिळाले. ते मी माझ्या थोरल्या भावाला मोठ्याने वाचून दाखवले, कारण उजवा हात प्लास्टरमध्ये असल्याने त्यांना पाकीट फोडता येत नाही. ऐकताना ते मध्येच हसले. माझ्याकडून एखादी ओळ गाळली गेली असावी असे वाटून मी पत्र पुन्हा वाचले. काहीही गाळलेले नव्हते.

आपल्या कार्यालयात हे प्रकरण तीन टेबलांवरून फिरले आहे आणि प्रत्येक टेबलावर मला ते पहिल्यापासून सांगावे लागले, म्हणून येथेही सांगते. माझ्या भावाचे दोन्ही पाय तरुणपणीच्या आजारात गेले. ते स्वतःच्या गाडीतून, ज्यांचे पाय चालत नाहीत अशा लोकांना हातांनी गाडी चालवायला शिकवतात. घरात मी आणि गाडीत त्यांचे विद्यार्थी त्यांना दादा म्हणतो. या अर्जात मी तोच शब्द वापरते, कारण आपल्या पत्रातील ‘सदर अपंग चालक’ हा शब्दप्रयोग लांब आहे.

गाडीच्या सुकाणूजवळ एक दांडा आहे. तो पुढे ढकलला की ब्रेक लागतो, स्वतःकडे ओढला की वेग वाढतो. या दांड्यापासून खाली ब्रेकच्या पेडलपर्यंत एक पोलादी सळई जाते. दादांचा पाय म्हणजे ती सळई. त्यांचे खरे पाय झटका येऊन पेडलखाली सरकू नयेत म्हणून ते गुडघ्यांच्या वर एक रुंद पट्टा बांधतात आणि मगच किल्ली फिरवतात. “आपला हात जगन्नाथ, पण आधी पट्टा,” हे त्यांचे पहिल्या दिवशीचे वाक्य विद्यार्थ्यांना पाठ असते.

माझी बदली झाली म्हणून आम्ही या शहरात आलो आणि गाडी जहाजाने आली. जहाजात गाड्या चढवणाऱ्या आपल्या कर्मचाऱ्याचा गुडघा त्या सळईला अडू लागला. त्याने ती वाकवून बाजूला केली. गाडी उतरल्यावर आपल्या कार्यशाळेत कोणीतरी ती हातोडीने ठोकून पुन्हा सरळ केली. हे मी तर्काने सांगत नाही. कार्यशाळेतील मिस्त्रींनी स्वतः सांगितले, आणि कौतुकाच्या अपेक्षेने सांगितले. “ताई, आम्ही होती तशी करून दिली. ओरखडासुद्धा नाही.” ओरखडा खरोखरच नव्हता. गाडी धुऊन दिली होती.

मी प्रयोगशाळेत धातूंच्या चाचण्या करते. पोलादाची सळई एका जागी वाकवून पुन्हा सरळ केली की ती दिसायला पूर्वीसारखी दिसते आणि त्या जागी आतून पूर्वीसारखी राहत नाही. दादांनी वाकल्याच्या खुणेवरून बोट फिरवले आणि गाडी आवारातून न हलवता मला अर्ज करायला सांगितले. सळई काढून प्रयोगशाळेत नेण्याची परवानगी मी मागितली. ती ‘पुराव्याशी छेडछाड’ ठरेल असे कळवण्यात आले.

त्यानंतर आपले निरीक्षक आले. ते गाडीत बसले, आवारात एक फेरी मारली, ठिकठिकाणी थांबून दाखवले आणि ब्रेक कार्यक्षम असल्याचा अहवाल लिहिला. थांबताना त्यांनी आपला पाय वापरला. मी हे त्यांच्या निदर्शनास आणले, तेव्हा ते म्हणाले, “बाई, गाडी थांबली की नाही? कशाने थांबली ते आमच्या तक्त्यात नाही.” लेखनिकांनी त्यात भर घातली, “तुम्हाला पाय आहेत ना? मग तुम्हीच चालवा की.” मला पाय आहेत. परंतु गाडी दादांची आहे, शिकवणी दादांची आहे आणि त्यांचे विद्यार्थी माझ्याकडून काही शिकू शकत नाहीत.

मी हरकत घेतल्यावर आपण कळवलेत की दोष प्रत्यक्ष सिद्ध करण्यासाठी नेहमीच्या चालकाने आवारात वाहन चालवून दाखवावे, अन्यथा दावा मागे घेतला असे समजले जाईल. दादा तयार नव्हते. “ज्या गाडीवर विश्वास नाही तिच्यात बसू नका, हे मी जन्मभर लोकांना सांगतोय,” असे ते म्हणाले. परंतु गाडी नाही तर शिकवणी नाही, आणि शिकवणी नाही तर त्यांना घरातून बाहेर पडण्याचे कारण नाही. ठरल्या दिवशी ते आले. मी शेजारच्या आसनावर बसले.

पहिल्या वेळी ब्रेक लागला. दुसऱ्या वेळीही लागला. बाहेर कट्ट्यावर चहा घेत उभे असलेले कर्मचारी हसले. निरीक्षक खिडकीशी येऊन म्हणाले, “काका, लागतोय की मस्त. आता जरा वेगात घ्या. मुंगीच्या चालीने बैलगाडीही थांबते.” दादा म्हणाले, “साहेब, तुटेल.” निरीक्षक म्हणाले, “तुटू दे ना. तेच तर सिद्ध करायचंय तुम्हाला.”

तिसऱ्या वेळी सळई वाकल्याच्या खुणेवरच तुटली. दांडा पुढे गेला आणि त्यासोबत दादांचा हात, सगळा भार देऊन, समोरच्या पत्र्यावर गेला. पेडल माझ्यापासून हातभर लांब होते. माझे दोन्ही पाय शाबूत होते आणि त्यांचा काही उपयोग नव्हता. मी हातब्रेक ओढला. भिंत तरीही आली.

कट्ट्यावरचे हसणे थांबले होते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. दादांना बाहेर काढताना कोणीतरी त्यांना म्हणाले, “पायांवर जोर द्या, पायांवर.” त्यांच्या उजव्या मनगटाची हाडे चुरली आहेत. चाकांची खुर्ची दोन हातांनी ढकलावी लागते; एका हाताने ढकलली तर ती जागच्या जागी गोल फिरते. आल्यागेल्याला दादा ते करून दाखवतात आणि म्हणतात, “हात दाखवून अवलक्षण.” एकटे असताना ते खुर्चीत बसत नाहीत.

आता आपल्या पत्राविषयी. आपण लिहिले आहे की अपघातानंतर ब्रेकचे पेडल तपासले असता ते सुस्थितीत आढळले. ते सुस्थितीत होतेच, कारण त्याला कोणाचाही पाय लागला नाही. आपण लिहिले आहे की सहप्रवाशाने हातब्रेक ओढल्यावर वेग कमी झाला, यावरून वाहनाचे ब्रेक चालू होते हे अर्जदाराच्याच कृतीने सिद्ध होते. याचा अर्थ, मी तो ओढला नसता आणि आम्ही दोघे जिवंत राहिलो नसतो, तर आमचा दावा अधिक मजबूत झाला असता. आपण लिहिले आहे की दांडा व सळई हा ‘ग्राहकाने केलेला जादा बदल’ असल्याने त्याची भरपाई देय नाही, आणि अशा बदलामुळे गाडीची बाजारातील किंमत मुळातच कमी होती. पुढचा भाग आता चेपला असल्याने ती आणखी कमी झाली आहे आणि ही चेप प्रवासानंतरची आहे. शेवटी भिंतीचा खर्च आमच्याकडे मागितला आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी दिल्याचे ऐकले होते; फाशीच्या दोराचे पैसे संन्याशाकडून घेतल्याचे प्रथमच पाहिले.

हे सर्व मी सहन केले असते. परंतु या पत्राची प्रत आपण वाहन परवाना कार्यालयास पाठवली आहे. ‘उघड्या आवारात भिंतीवर वाहन घातले’ या शेऱ्यावरून दादांचा शिकवण्याचा परवाना स्थगित झाला आहे. त्यांचे मनगट कदाचित जुळेल. जुळल्यावर ते कशासाठी वापरायचे, हे त्यांनी काल मला विचारले. म्हणून आज हा अर्ज करत आहे.

माझ्या विषयात एक साधा नियम आहे. दोन प्रयोगांचे निष्कर्ष वेगळे आले, तर दोन्ही प्रयोग एकाच परिस्थितीत पुन्हा करावेत. निरीक्षकांनी गाडी चालवली तेव्हा ती थांबली. दादांनी चालवली तेव्हा तिसऱ्या वेळी थांबली नाही. दोघांमध्ये फरक फक्त पायांचा होता. तरी विनंती की, आपल्या कार्यशाळेने गाडीला नवी सळई बसवावी. ती गुडघ्याला जागा होईल एवढी वाकवावी आणि त्याच मिस्त्रींनी त्याच हातोडीने ठोकून सरळ करावी. त्यानंतर निरीक्षकांनी गुडघ्यांच्या वर पट्टा बांधून, केवळ दांड्याच्या साहाय्याने, त्याच आवारात, त्याच भिंतीच्या दिशेने, त्यांनी दादांना सुचवलेल्या वेगाने गाडी चालवावी. अहवालावर आपली प्रतिस्वाक्षरी असल्याने आपण शेजारच्या आसनावर बसावे. हातब्रेक ओढू नये, म्हणजे निष्कर्षात घोटाळा होणार नाही.

गाडी थांबली, तर मी दावा मागे घेईन, भिंतीचा खर्च देईन आणि लेखी क्षमा मागेन. आपणांस ही तपासणी करावयाची नसेल, तर नकाराचे कारण लेखी द्यावे. ते कारण म्हणजेच माझा दावा असेल. त्या आधारे गाडीची व हातचलित यंत्रणेची पूर्ण भरपाई मंजूर करावी आणि परवाना कार्यालयास पाठवलेला शेरा मागे घ्यावा.

मी रोज कार्यालयीन वेळेत उपलब्ध आहे. दादा नेहमीच घरी असतात.

कळावे,

आपली नम्र,
(सही)
चालकाची धाकटी बहीण व अर्जदार
दिनांक : १४ मार्च

सोबत :
१) तुटलेल्या सळईचे छायाचित्र, वाकल्याची खूण दिसेल असे.
२) मनगटाच्या क्ष-किरण चित्राची प्रत.
३) पाय बांधण्याचा पट्टा, एक. बक्कल डावीकडे येईल असा बांधावा. परत करण्याची घाई नाही. दादांना तो सध्या लागत नाही.